शेतीतील झाडे व नवी साधने : कोल्हापूर जिल्ह्यातील अनुभव

भाताचे बी चुकले तर शेतकऱ्याचा एक हंगाम वाया जातो. बांधावरचे झाड चुकले तर ती चूक दहा-पंधरा वर्षांनी, झाड डोक्यावर आल्यानंतर लक्षात येते. तोपर्यंत शेतकऱ्याने राखण केलेली असते, उन्हाळ्यात घागरीने पाणी घातलेले असते, सावलीखालच्या पिकावर पाणी सोडलेले असते. आणि लाकूड विकून घराचे छप्पर शाकारावे किंवा मुलीचे लग्न उरकावे, असा मनाशी बेतही केलेला असतो. म्हणून वृक्षलागवडीचा सल्ला देणाऱ्या कार्यकर्त्यावरील जबाबदारी पीकसल्ला देणाऱ्यापेक्षा मोठी असते. पीकसल्ला चुकला तर पुढच्या वर्षी सुधारता येतो. झाडाचा सल्ला चुकल्याचे उघडकीस येईपर्यंत सल्ला देणाऱ्याची बहुधा दोनदा बदली झालेली असते.

भारत सरकारने २०१४ साली राष्ट्रीय कृषिवनीकरण धोरण जाहीर केले. शेतीतील झाडांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय धोरण आखणारा भारत हा जगातील पहिलाच देश होय. त्यानंतर या विषयाच्या प्रशिक्षणाकडे लक्ष वाढले. मोबाइलवरचा नकाशा, उपग्रहाने टिपलेले शिवाराचे चित्र, दोन मिनिटांच्या चित्रफिती, दूरध्वनीवरून मिळणारा सल्ला अशी साधनेही गावोगाव पोहोचली. या साधनांचा बांधावरच्या झाडासाठी उपयोग कोणता व कोठे त्यांचा काही उपयोग नाही, हे तपासावयाचे तर कोल्हापूर जिल्ह्यासारखे ठिकाण शोधून सापडणार नाही. शेतकऱ्याला यंत्राच्या साहाय्याने शिकविण्याचे प्रयोग या जिल्ह्याने १९५६ पासून पाहिलेले आहेत.

रेडिओ, संगणक व साधा संदेश

१९५६ च्या आरंभी आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. तेव्हाच्या मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांतील १५० गावे त्यासाठी निवडण्यात आली. कोल्हापूर हा त्यांपैकी एक जिल्हा होता. प्रत्येक गावात सुमारे वीस जणांचे श्रवणमंडळ स्थापन झाले. दहा आठवड्यांत, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचे २० कार्यक्रम झाले. कार्यक्रम संपला की मंडळी उठून जात नसत. ऐकलेल्या गोष्टीची चर्चा होई, गावाला ती लागू पडते किंवा नाही याचा विचार होई, आणि उरलेले प्रश्न पुण्यास लिहून पाठविले जात. पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरे येत.

टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली. मंडळ असलेल्या गावांतील लोकांच्या माहितीत मोठी भर पडली होती. रेडिओ होता पण मंडळ नव्हते, अशा गावांत ती भर अगदी अल्प होती. दोन्हीकडे यंत्र तेच व आवाजही तोच. फरक पडला तो कार्यक्रमानंतरच्या बैठकीमुळे आणि प्रश्नाला उत्तर येत होते यामुळे.

यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी, १९९८ साली, पन्हाळा तालुक्यातील वारणानगर येथे दुसरा मोठा प्रयोग झाला. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातील कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सत्तर गावे संगणकाने जोडण्याची ही योजना केंद्र शासन, राज्य शासन व वारणा समूह यांनी मिळून हाती घेतली. हवामान, बाजारभाव, पीकसल्ला, शासकीय योजना असे सारे काही गावातल्या केंद्रावर मिळावे, असा हेतू होता. प्रत्यक्षात शेतकरी केंद्रावर जात असे तो मुख्यतः आपल्या उसासाठी : नोंद झाली काय, तोडीची पाळी केव्हा, वजन किती भरले, खत कधी मिळेल. माहितीचे इतर भांडार बहुतांशी तसेच पडून राहिले. पुढे बंगळूर येथील मायक्रोसॉफ्टच्या संशोधन केंद्राने सात गावांत आठ महिने संगणकाऐवजी मोबाइलच्या साध्या लेखी संदेशावर हेच काम चालवून पाहिले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणे संगणकावर होत होते ते सर्व काम संदेशावर झाले, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ही पद्धत अधिक सोयीची वाटली.

वारणेच्या शेतकऱ्याला ज्ञान नको होते, असा या प्रयोगाचा अर्थ काही जण लावतात. तो बरोबर नाही. त्याला स्वतःच्या गटाविषयीचे उत्तर हवे होते, आणि उसाच्या बाबतीत ते त्या केंद्रावर मिळत होते. पीकसल्ल्याच्या भांडारात मिळे ते सर्वांसाठीचे सर्वसाधारण उत्तर. कृषिवनीकरणाच्या प्रशिक्षणात नेमकी हीच उणीव राहते. ‘बांधावर झाडे लावा’ हे सर्वांना सांगितले जाते; कोणत्या बांधावर, कोणते झाड व किती अंतरावर, हे त्या बांधावर उभे राहून सांगणारा विरळा.

एका जिल्ह्यात अनेक जिल्हे

कोल्हापुरात सर्वसाधारण उत्तर का चालत नाही, हे पावसाच्या आकड्यांवरून कळते. पश्चिमेस गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेथून शंभर किलोमीटरच्या आतबाहेर असलेल्या पूर्वेकडील शिरोळ तालुक्यात तो पाचशे-सहाशे मिलिमीटरवर येतो. शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या भागांत जांभी व तांबडी माती, उतारावरील वरकस जमिनी, भात व नाचणी. करवीर व कागलकडे मध्यम जमीन. शिरोळ व हातकणंगल्याच्या नदीकाठी खोल काळी जमीन व ऊस. त्यातही पाण्याच्या अतिवापराने क्षारपड झालेले पट्टे निराळेच.

आजरा व चंदगडच्या वरकस जमिनीत काजू उत्तम येतो. वेंगुर्ला-४ किंवा वेंगुर्ला-७ यांसारख्या जातींची कलमे लावून पहिली काही वर्षे मधल्या पट्ट्यात नाचणी किंवा कुळीथ घेता येतो. तेच कलम शिरोळच्या चिबड जमिनीत लावणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे होय. तेथे करंज किंवा बाभूळ टिकाव धरते. पश्चिमेकडील ओघळींच्या काठी बांबू, फणस व जांभूळ, डोंगरकडेला हिरडा. मधल्या भागात आंबा व हिरवळीच्या खतासाठी गिरिपुष्प. पूर्वेच्या कोरड्या बांधांवर कडुनिंब, चिंच व शेवगा, ही निवड जुन्या जाणत्या शेतकऱ्यांनी कोणत्याही नकाशाशिवाय केलेली आहे. कार्यकर्त्याने नवे झाड सुचविण्यापूर्वी गावाच्या जुन्या बांधांवर कोणती झाडे आपोआप वाढली आहेत, हे फिरून पाहावे. इतका स्वस्त व विश्वसनीय प्रयोग दुसरा कोणी करून ठेवलेला नसतो.

मोबाइलवर येणाऱ्या जाहिरातींचा येथे उल्लेख केला पाहिजे. अमुक परदेशी झाडाची इतकी रोपे लावा, बारा वर्षांत इतके लाख मिळतील, असे आकडे त्यांत रंगवून दिलेले असतात. आकडा देणारा बहुधा रोपे विकणारा असतो. त्या झाडाचे लाकूड जिल्ह्यात आजवर कोणी, कोणाला, काय भावाने विकले, एवढा एकच प्रश्न विचारावा. उत्तर मिळेपर्यंत तळसंदे किंवा कणेरी येथील कृषी विज्ञान केंद्र, अथवा शेंडा पार्क येथील विभागीय कृषी संशोधन केंद्र यांचा सल्ला घेतल्याशिवाय पूर्ण शेत अशा झाडाखाली घालू नये. किसान कॉल सेंटरची विनामूल्य दूरध्वनी सेवा २००४ साली सुरू झाली. किडीच्या किंवा खताच्या प्रश्नासाठी ती उपयोगी आहे. मात्र पलीकडून बोलणाऱ्याला आपला बांध दिसत नाही, हे विचारणाऱ्याने ध्यानात ठेवावे व जमिनीचा प्रकार, उतार आणि पाण्याची सोय या तीन गोष्टी आपण होऊन सांगाव्यात.

उतारावरची रेषा

पश्चिमेकडील तालुक्यांत झाडाची जात ठरविण्याइतकेच झाडाची ओळ ठरविणे महत्त्वाचे आहे. उतारावर वरून खाली लावलेली ओळ पाण्याला वाट करून देते. उताराला आडवी, समपातळीत लावलेली ओळ माती धरून ठेवते. हे तत्त्व सर्वांना पाठ आहे. अडचण असते ती समपातळी नेमकी कोठे आहे, हे ओळखण्याची. डोळा येथे हमखास फसवितो.

उपग्रहाच्या चित्रावरून शिवारातील ओघळी, नाल्यांची दिशा, जुन्या ताली व उघडे पडलेले माळ उत्तम दिसतात. बैठकीत भिंतीवर असे चित्र दाखविले की आपल्या शेतातील पाणी कोणाच्या शेतात उतरते, हे गावाला एका दृष्टिक्षेपात समजते. एकट्याने लागवड करण्याऐवजी वरच्या व खालच्या गटधारकांनी मिळून करण्याची गोष्ट तेथेच निघते. परंतु समपातळीची रेषा आखण्यासाठी मोबाइल हाती घेऊ नये. त्याने दाखविलेले स्थान काही मीटर इकडेतिकडे असू शकते व उंचीचा आकडा त्याहूनही कमी भरवशाचा असतो. बांधाच्या हद्दीचा वाद तर त्याच्या आधारे मुळीच सोडवू नये. रेषेसाठी बांबूचा त्रिकोण हेच साधन चांगले.

सात-सात फूट लांबीचे दोन सरळ बांबू वरच्या टोकाशी घट्ट बांधावेत व खालचे पाय दोन मीटर अंतरावर फाकवावेत. निम्म्या उंचीवर आडवी पट्टी बांधावी. वरच्या गाठीपासून दोरी सोडून तिला दगड बांधावा व हा ओळंबा पट्टीच्या पुढे मोकळा लोंबू द्यावा. त्रिकोण दोन खुंट्यांवर उभा करून दोरी पट्टीवर जेथे येते तेथे खूण करावी. मग पायांची अदलाबदल करून त्याच खुंट्यांवर पुन्हा उभा करावा व दुसरी खूण करावी. दोन खुणांच्या बरोबर मध्यावर तिसरी, पक्की खूण करावी. दोरी या खुणेवर आली की दोन्ही पाय समपातळीत आहेत असे समजावे. एक पाय रोवून दुसरा हलवीत, दोरी खुणेवर आली की खुंटी ठोकीत पुढे जावे. दोन माणसे सकाळच्या शांत वेळी बऱ्याच मोठ्या उतारावर अशी आखणी करू शकतात. वारा सुटला की ओळंबा डोलू लागतो व काम चुकते.

गगनबावडा, राधानगरी यांसारख्या अतिपावसाच्या भागात मात्र पाणी पूर्ण अडविण्याचा हट्ट धरू नये. तेथे बांधामागे तुंबलेले पाणी बांध फोडते व खालची ताल घेऊन जाते. पाणी सावकाश एखाद्या गवताने बांधलेल्या ओघळीकडे न्यावे लागते. यासाठी पुढच्या, म्हणजे ओघळीच्या बाजूच्या पायाखाली एक सेंटिमीटर जाडीची लाकडी चकती बांधावी. चकतीसह दोरी खुणेवर आली म्हणजे जमिनीला दोन मीटरला एक सेंटिमीटर, अर्थात दोनशेस एक, इतका उतार मिळतो. ओळींमधील अंतराचा हिशेबही सोपा आहे. दर एक मीटर उतरणीला एक ओळ घ्यावयाची असेल तर शेकडा दहा उताराच्या जमिनीत ओळी दहा मीटर अंतरावर येतात, शेकडा वीस असेल तर पाच मीटरवर.

फिलिपिन्स देशातील मिंडानाव बेटावर १९७० नंतरच्या दशकात डोंगरउतारावरील शेतीची जी पद्धत बसविण्यात आली, तिच्या मुळाशीही हाच त्रिकोण आहे. समपातळीवर शेंगवर्गीय झुडपांच्या दाट ओळी, त्या वारंवार छाटून पाला पिकाला, आणि मधल्या पट्ट्यांत धान्य व फळझाडे, अशी ती पद्धत. आरंभी तेथे सर्वत्र सुबाभूळ लावण्यात आली. १९८५ च्या सुमारास तिच्यावर मावावर्गीय किडीने हल्ला केला आणि ओळीच्या ओळी निष्पर्ण झाल्या. तेव्हा गिरिपुष्प व इतर झुडपे आणावी लागली. एकाच जातीच्या रोपांची गाडी गावात उतरवून घेणाऱ्यांनी ही हकिकत विसरू नये.

सावलीचा हिशेब

सपाट, बागायती भागात शेतकरी झाडाला नाही म्हणतो तो सावलीच्या भीतीने. ही भीती खोटी नाही, पण मोजून पाहिल्यास पुष्कळ आटोक्यात येते. कोल्हापूरच्या अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे ५० अंशांवर असतो. तीस फूट उंचीच्या झाडाची सावली त्या वेळी उत्तरेस सुमारे पंचवीस फूट जाते. मे ते जुलैअखेर दुपारची सावली जवळजवळ बुंध्यापाशीच पडते. यावरून असे दिसते की, दक्षिण बांधावरचे झाड रब्बीच्या दिवसांत आपल्याच पिकावर सावली टाकते, तर उत्तर बांधावरचे शेजाऱ्याच्या पिकावर. खरिपाच्या पिकाला दोन्हींचा त्रास कमी. दक्षिणोत्तर बांधावरील ओळीची सावली सकाळी पश्चिमेस व दुपारनंतर पूर्वेस फिरते, त्यामुळे कोणत्याही एका पट्ट्याचे सारे नुकसान होत नाही. झाडासाठी पहिला मान अशा बांधाला द्यावा. उत्तर बांधावर लावण्यापूर्वी शेजाऱ्याशी बोलून घ्यावे. झाड लहान असता केलेली पाच मिनिटांची बोलणी पुढची कोर्टाची पायरी टाळते.

दिशा पाहण्यासाठी मोबाइलमधील होकायंत्र पुरेसे आहे. पहार, कुदळ किंवा मोटारसायकल जवळ ठेवून ते पाहू नये, लोखंडामुळे सुई फिरते. सावलीखेरीज मुळांचाही विचार करावा लागतो. झाडांच्या ओळीपासून साधारण एक मीटरवर दोन फूट खोल चर काढून पिकाकडे येणारी मुळे दर एक-दोन वर्षांनी तोडली, तर पिकाचे पाणी व खत पिकालाच मिळते.

चित्रफितीतला माणूस कोणत्या गावचा ?

प्रशिक्षणाच्या साधनांत चित्रफितीचा बोलबाला सर्वांत अधिक आहे. कर्नाटकात ‘डिजिटल ग्रीन’ या उपक्रमाने याविषयी १६ गावांत तेरा महिने तुलना करून पाहिली. आठ गावांत नेहमीचा विस्तारकार्यकर्ता. दुसऱ्या आठ गावांत तोच उपदेश, पण स्थानिक शेतकऱ्यांनाच घेऊन काढलेल्या चित्रफितींतून. फीत दाखविणारा स्थानिक माणूस ती मध्येच थांबवी, प्रश्न विचारी व कोणी काय करावयाचे ठरविले ते लिहून घेई. काही सुधारित पद्धतींचा अवलंब या गावांत सातपट झाला. पाहणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा असे तो चित्रातला शेतकरी कोण व कोणत्या गावचा, हा. आपल्यासारखीच जमीन असलेला माणूस दिसला की त्याचे ऐकावेसे वाटते. पुण्याच्या श्रवणमंडळांतून १९५६ साली जे दिसले तेच येथे निराळ्या यंत्राने पुन्हा दिसले.

म्हणून चंदगडच्या शेतकऱ्याला दूरच्या देशातील सुबक चित्रफीत दाखवून भागणार नाही. काजूचे कलम कसे बांधतात, बांबूच्या बेटातून कोणता कोंब राखावा व कोणता काढावा, गिरिपुष्पाची फांदी कोठे छाटावी, हे शेजारच्याच गावातील एखाद्या अनुभवी शेतकऱ्याच्या किंवा बचत गटातील भगिनीच्या हातून साध्या मोबाइलने टिपावे. फळझाडाची राखण, पाला गोळा करणे व सरपण आणणे ही कामे बहुतेक घरी स्त्रियाच करतात. चित्रफितीची बैठक चावडीवर रात्री ठेवली तर त्या येत नाहीत. दुपारी, काम उरकल्यावर, एखाद्या अंगणात ठेवावी. फीत पाच-सात मिनिटांपेक्षा मोठी नसावी व त्यानंतरची बैठक मात्र तासभर चालली तरी चालेल. ज्या प्रश्नाचे उत्तर कार्यकर्त्याला येत नाही तो त्याने वहीत लिहून, संशोधन केंद्राकडून उत्तर आणून, पुढच्या बैठकीत सांगावा. हे जेथे होत नाही तेथे दुसऱ्या बैठकीला निम्मी मंडळी येत नाहीत.

नोंद हीच मालकी

झाड वाढविणे एक व ते आपले म्हणून तोडता येणे दुसरे. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याप्रमाणे साग, आंबा, फणस, हिरडा, जांभूळ, ऐन, किंजळ इत्यादी अनुसूचित झाडे खाजगी जमिनीतही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. परवानगीच्या वेळी सातबारावर झाडांची नोंद आहे काय, हे पाहिले जाते. नोंद नसली की हेलपाटे सुरू होतात आणि शेतकरी कंटाळून वाटेल त्या भावाने झाड उभेच विकून टाकतो. पिढ्यान्‌पिढ्या बांधावर उपयुक्त झाड न लावण्याचे हे एक मोठे कारण आहे, हे प्रशिक्षणवर्गात स्पष्ट बोलले जावयास हवे. बांबूच्या बाबतीत मात्र २०१७ साली केंद्राच्या वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनाबाहेर वाढणारा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळण्यात आला. पश्चिमेकडील तालुक्यांत बांबूला जे नवे महत्त्व आले त्यामागे ही दुरुस्ती आहे.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने आपल्या मोबाइलवर स्वतः पिकाचे छायाचित्र काढून नोंद करावयाची पद्धत आली, आणि बांधावरच्या झाडांसाठी त्यात स्वतंत्र जागा ठेवण्यात आली. बहुतेक शेतकरी पिकाची नोंद करून थांबले. कार्यकर्त्याने प्रत्येक लागवडीनंतर शेतकऱ्याच्या शेजारी बसून झाडांची संख्या व जात यांची नोंद त्याच्याच हातून करवून घ्यावी. नवीन साधनांपैकी शेतकऱ्याच्या खिशाशी इतका जवळचा संबंध दुसऱ्या कोणत्याही साधनाचा नाही.

याशिवाय एक घरगुती नोंद ठेवावी. लागवडीच्या दिवशी बांधाच्या एका ठरलेल्या दगडावर उभे राहून, ठरलेल्या दिशेने छायाचित्र घ्यावे व त्यावर गट क्रमांक व तारीख लिहावी. दरवर्षी दिवाळीनंतर त्याच दगडावरून पुन्हा घ्यावे. झाड मोठे झाल्यावर जमिनीपासून साडेचार फुटांवर शिंप्याच्या फितीने बुंध्याचा घेर मोजून त्याच वहीत मांडावा. लाकूड घेणारा व्यापारी दारात आला म्हणजे या वहीचे मोल कळते. पहिल्या वर्षी मात्र घेरापेक्षा जिवंत रोपे मोजणे महत्त्वाचे : लागवडीनंतर तीन आठवड्यांनी ओळीतून फिरून मेलेली रोपे मोजावीत व त्यांच्या जागी त्याच पावसाळ्यात, श्रावण संपण्यापूर्वी, दुसरी लावावीत. पुढच्या वर्षी लावलेले रोप शेजारच्या झाडांच्या सावलीत मागे पडते, आणि ओळीतील ती फट तशीच राहून पाऊस तेथूनच वाट काढतो.